ऊसतोडीचा हंगाम आणि मुलांची शाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा जवळ आला की आमच्याकडे दोन प्रकारचे फोन सुरू होतात. गावातले विचारतात, "यंदा पोरांचं काय करायचं?" पुण्या-मुंबईचे म्हणतात, "आम्हाला काहीतरी मदत करायचीय." दोघांनाही तीच तीच उत्तरं देऊन झाली, म्हणून ती इथे एका जागी लिहून ठेवतोय. संस्था लहान आहे. बीड जिल्ह्यातली चार गावं, मानधनावरची पाच माणसं आणि बाकी सवड मिळेल तसे येणारे. त्यामुळे मोठ्या संस्थांचं कसं चालतं, हे आम्हाला विचारू नका.

१. तुम्ही नेमकं काय करता? शाळा चालवता का?

शाळा जिल्हा परिषदेची आहे आणि ती चालू आहे. आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर मूल गावात राहावं आणि त्याच शाळेत रोज जावं, यासाठी आमची खटपट असते. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड्यांना नेणाऱ्या गाड्या हलतात. तिथपासून पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, माणसं परतेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, प्रत्येक गावात आमची एक ताई असते. ती त्याच गावची सून किंवा लेक, किमान बारावी झालेली. सकाळी ती मुलांना शाळेत धाडते, संध्याकाळी दोन तास अभ्यासाला बसवते, कुणाला ताप आला तर आरोग्य केंद्रात नेते. रात्री आठच्या सुमारास फडावर, म्हणजे ऊसतोड चालते तिथे, फोन लावून आईशी बोलायला देते. अभ्यासाचं सगळे विचारतात, पण मुलं टिकतात ती या फोनमुळे, असं आमचं मत झालंय.

२. पालक मुलांना बरोबर नेतातच कशाला? आजी-आजोबांकडे का ठेवत नाहीत?

ठेवतात, जमेल तेव्हा. मुळात ऊसतोडीचं माप 'कोयता' हे आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, पावसाळ्यातच उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि हंगामभर दोघांनी राबून ती फेडायची असते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्के वाढून टनाला ३६६ रुपये झाला, तरी उचल काही एका हंगामात फिटेलच असं नाही. बाई गेली म्हणजे अंगावरचं पोर जातं, आणि त्याला सांभाळायला थोरली मुलगी जाते. शाळा सुटते ती बहुतेक वेळा या थोरल्या मुलीची.

मागच्या वर्षी डिसेंबरात सातारा जिल्ह्यात एका फडावर गेलो होतो. पहाटे चारला सगळे तोडीला गेलेले. खोपीत चौथीतली एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन भाकरी थापत होती. पुस्तक दाखव म्हटल्यावर तिनं पिठाचा डबा उघडला. उंदीर कुरतडतात म्हणून बालभारती पिठात ठेवलेली. फुंकर मारून तिनं एक धडा उघडला आणि न बघता म्हणून दाखवला. पुढचा वाच म्हटलं, तर म्हणाली, "तो बाईंनी घेतला नाही अजून." गावाहून निघायच्या आदल्या दिवशी वर्गात झालेला तो शेवटचा धडा. तिच्यापुरतं वर्ष तिथेच थांबलं होतं.

आजी-आजोबांचा प्रश्न वेगळा. कितीतरी घरांत आजीही अजून कोयत्यावर जाते. जी घरी असते तिला दिसत नाही, चुलीपाशी बसवत नाही. तीन नातवंडांचं दोन वेळचं रांधणं तिच्याच्यानं होत नाही. तिला मदत मिळाली तर ती मुलांना आनंदानं ठेवून घेते.

३. यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत ना? मग तुमची गरज काय?

आहेत, आणि जिथे ती नीट चालतात तिथे आम्ही मध्ये पडत नाही. हंगामी वसतिगृह या नावानं लोकांची फसगत होते. बऱ्याच ठिकाणी त्यात मुक्काम नसतो. मूल नातेवाइकांकडे झोपतं आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत त्याच्या जेवणाची सोय होते. दुपारचा पोषण आहार शाळेत मिळतोच, राहतं ते सकाळ-संध्याकाळचं.

अडचण वेळेची आहे. पटावरची यादी, सर्वेक्षण, प्रस्ताव, मंजुरी यांना लागायचे तेवढे दिवस लागतात आणि मुकादमाचा ट्रक काही मंजुरीसाठी थांबत नाही. आई-बापाला निघताना ठामपणे सांगावं लागतं की उद्यापासून तुमच्या पोराच्या ताटात भाकरी पडेल. ते सांगायला त्या दिवशी कुणी नसलं तर मूल ट्रकमध्ये चढतं. आमचा खर्च मुख्यतः त्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांचा असतो. सरकारी जेवण सुरू झालं की आमची चूल बंद होते आणि फक्त ताई राहते.

याशिवाय २०२१ मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली : ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं. मोठ्या मुलांसाठी आधी आम्ही तिथेच अर्ज करतो. त्यासाठी पालकांचं ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र लागतं. ते ग्रामसेवकाकडे मिळतं, गाड्या हलायच्या आधी काढून ठेवा.

४. मूल बरोबर गेलंच, तर कारखान्याजवळच्या शाळेत बसू शकतं का? आमच्याकडे दाखला नाही.

बसू शकतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा याबाबतीत स्वच्छ आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला वर्षात कधीही प्रवेश द्यावा लागतो. जन्माचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही अडवता येत नाही. मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं असतं, अकरा वर्षांच्या मुलाला पहिलीत नाही. मागे पडलं असेल तर वेगळं शिकवून वर्गाबरोबर आणायचं असतं. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, असं कायद्यातच लिहिलंय.

निघताना गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. मूल कितवीत आहे आणि त्याला काय येतं याची त्यावर नोंद असते. ते दाखवलं की तिकडच्या गुरुजींचे निम्मे प्रश्न मिटतात.

पूर्वी साखर कारखान्यांच्या आवारात साखरशाळा भरायच्या. मुलांना जवळच्या नियमित शाळेतच बसवायचं धोरण आलं आणि त्या मागे पडल्या. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे. पण खोप्या गावापासून दोन-तीन किलोमीटरवर, मध्ये ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांचा रस्ता, आणि टोळी दर काही आठवड्यांनी फड बदलणारी. सहा वर्षांचं पोर एकटं कसं जाणार? कायदा पाठीशी असूनही आमचा कल मूल गावात ठेवण्याकडे आहे, तो यामुळे.

५. तिकडच्या शाळेत नाव घातलं तर गावच्या शाळेतून नाव कमी होईल का? गुरुजी तसं म्हणतात.

गुरुजी घाबरतात, त्यालाही कारण आहे. शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक याच्या सरकारी मंजुरीत, पटावर ठरतात आणि हल्ली आधार जुळलेली मुलंच त्यात धरली जातात. वाडीवरच्या शाळेतून आठ-दहा नावं हलली की एक शिक्षक अतिरिक्त ठरायची भीती. म्हणून मूल प्रत्यक्षात फडावर आणि नाव गावच्या हजेरीपटावर, असा प्रकार सर्रास होतो.

पाच महिन्यांसाठी नाव हलवण्यापेक्षा हमी कार्डावर तिकडे बसवणं आणि परत आल्यावर तिकडची हजेरी इकडे जमा करणं सोपं पडतं. पालकांनी तिकडच्या मुख्याध्यापकांकडून हजेरीचा कागद सही-शिक्क्यासह आणावा. पाचवी आणि आठवीच्या मुलांना तर जास्तच काळजी घ्यावी लागते. त्या दोन इयत्तांना आता वार्षिक परीक्षा आहे आणि ती हंगामाच्या शेवटाला येते. नापास झाल्यास पुनर्परीक्षा मिळते, तिची तारीख शाळेत विचारून ठेवा.

६. आमची टोळी कर्नाटकात जाते. तिथे कन्नड शाळा आहे. काय करावं?

शिक्षण हक्क कायदा देशभर लागू आहे, त्यामुळे प्रवेश तिथेही नाकारता येत नाही. पण कन्नडमधून तिसरीचं गणित शिकणार कसं? निपाणी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. तळ तिथे पडणार असेल तर आधी मुकादमाकडून गावाचं नाव नक्की करून आम्हाला कळवा, जवळची मराठी शाळा शोधून देऊ. त्याच्याही पुढे, आत जाणार असाल तर मूल गावातच ठेवा. यात मधला मार्ग आम्हाला सापडलेला नाही.

७. वह्या, दप्तरं, जुने कपडे पाठवू का?

जूनमध्ये नको. पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत सरकारकडून फुकट मिळतात आणि वह्या-दप्तरं द्यायला जूनमध्ये सगळा महाराष्ट्र येतो. एका वर्षी एकाच वाडीवर तीन मंडळांनी दप्तरं वाटली. तिसरं दप्तर एका घरात शेळीच्या पेंडीला लावलेलं मी स्वतः पाहिलं. बापाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, दप्तर मजबूत होतं.

जानेवारीत विचाराल तर यादी अशी : ब्लँकेटं, चार्जिंगचे दिवे, सॅनिटरी पॅड, खोबरेल तेल, बारीक दातांचे कंगवे आणि उवांचं औषध. औषधाचं नाव काढलं की देणगीदार जरा चपापतात. पण आई पाच महिने लांब असलेल्या मुलीच्या डोक्यात काय होतं, ते शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्याला विचारा. जुने कपडे घेत नाही. निवडायला माणूस लागतो, तो आमच्याकडे नाही.

८. मला एका मुलाचं शिक्षण दत्तक घ्यायचं आहे. फोटो आणि प्रगतिपुस्तक पाठवाल का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि उत्तर नाही असंच आहे. एका वाडीवर वीस मुलं एका ताईकडे बसतात, एकाच पातेल्यातलं जेवतात. त्यातलं एक तुमचं आणि दुसरं कुणाचंच नाही, ही वाटणी आम्हाला करता येत नाही. तुम्ही एका गावाचा एक हंगाम उचलू शकता. त्याचा अहवाल मिळेल : किती मुलं राहिली, किती मध्येच गेली आणि का, वाचन कुठून कुठे आलं. नावं आणि चेहरे मिळणार नाहीत.

वाढदिवस मुलांबरोबर साजरा करण्याबद्दलही तेच. एकदा आम्ही हो म्हटलं होतं. केक आला, टोप्या आल्या, मुलांनी गाणं म्हटलं. पाहुणे गेल्यावर दुसरीतल्या एकानं ताईला विचारलं, "माझा कधी असतो?" शाळेतली त्याची जन्मतारीख १ जून होती, वर्गातल्या निम्म्या मुलांची असते तशी. तेव्हापासून वाढदिवस बंद.

९. दिलेले पैसे कुठे जातात? कार्यालयीन खर्च किती?

निम्म्याहून जास्त रक्कम ताईंच्या मानधनाला जाते. काही देणगीदारांना हे रुचत नाही, 'मुलांवर खर्च करा' म्हणतात. ताई हाच मुलांवरचा खर्च आहे. तिच्यानंतर जेवण, मग प्रवास आणि फोनचा रिचार्ज. कार्यालय म्हणजे एका विश्वस्तांच्या घरातली पुढची खोली, तिला भाडं नाही. हिशेबनीस आणि लेखापरीक्षणाचा खर्च मात्र आहे आणि तो आम्ही लपवत नाही.

आमच्यावर किंवा कुणाही संस्थेवर नुसत्या भरवशावर पैसे देऊ नका. सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी क्रमांक आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागा. जो दोन दिवसांत पाठवत नाही, त्याला पैसेही पाठवू नका.

१०. आयकरातल्या वजावटीसाठी ८०जी ची पावती मिळते का? पूर्ण रक्कम वजा होते का?

पावती मिळते, पूर्ण रक्कम वजा होत नाही. आमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. २,००० रुपयांच्या वर रोख दिलेत तर वजावट नाही, म्हणून चेक किंवा यूपीआयनं द्या. वस्तूंवर वजावट नाही. पॅन लागतोच. आणि तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत तुम्हाला नाहीच. मार्चच्या शेवटी धावतपळत देणगी देण्याआधी एवढं एकदा तपासा.

आमच्या साध्या पावतीवर भागत नाही. आयकर खात्याच्या पोर्टलवरून निघणारं प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर मेअखेरपर्यंत मिळतं. ३ एप्रिलला फोन करून रागावू नका.

११. मी परदेशात असतो. पैसे कसे पाठवू?

तुमचा पासपोर्ट कुठला, त्यावर ठरतं. भारतीय पासपोर्ट असेल तर तुम्ही कुठेही राहा, स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. भारतातल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून पाठवा आणि पासपोर्टची प्रत जोडा.

पासपोर्ट अमेरिकेचा, ब्रिटनचा असेल तर ती परकीय देणगी. ओसीआय कार्ड असलं तरी तसंच. तिकडच्या महाराष्ट्र मंडळानं वर्गणी काढून पाठवली तरी तसंच. ती घ्यायला एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, त्यासाठी संस्थेला किमान तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि त्या तीन वर्षांत १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले असावे लागतात. आम्ही तेवढे मोठे नाही. म्हणून हात जोडून नको म्हणतो. "भावाच्या खात्यातून पाठवतो, काय होतंय" असंही नको. होतंय ते आमचं होतं.

१२. शनिवार-रविवार शिकवायला येऊ का?

एकदा येऊन परत न येणारा माणूस मुलांना नको. त्यांचे आई-बाप आधीच गेलेले असतात. सलग सहा शनिवार येणार असाल तर बोलू. पोलिस पडताळणी लागेल आणि मुलांबरोबर तुम्ही कधीच एकटे नसाल, ताई सोबत असेल. हा नियम विश्वस्तांनाही आहे. हिशेब लिहिणारं, अर्ज भरून देणारं कुणी असेल तर त्याच्यासाठी पायघड्या घालू. तो पुण्यात बसूनही चालेल.

१३. मुलगी चौदा वर्षांची आहे आणि हंगामाआधी तिचं लग्न ठरतंय असं कानावर आलं. कुणाला सांगू?

आधी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. तुमचं नाव सांगायची सक्ती नाही. गावपातळीवर ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांनाही कळवा. २००६ च्या कायद्यानं मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं.

हे थांबवणं आणि मुलगी शाळेत टिकणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बाप म्हणतो, "वयात आलेली पोर म्हाताऱ्या आईच्या भरवशावर कशी टाकू? फडावर नेली तर उघड्यावर खोपी." त्याचं भय खोटं नाही. आणि लग्न झालं की तिकडे एक नवा कोयता तयार होतो, हेही सगळ्यांना माहीत असतं. म्हणून पोलिस येऊन गेल्यावर आम्ही त्या घरी वसतिगृहाचा अर्ज (प्रश्न ३) घेऊन जातो. नुसता नकार घेऊन गेलो तर पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात लग्न लागतं.

१४. बारा वर्षांचा मुलगा मोळ्या वाहताना दिसला. मुकादमाची तक्रार करता का?

चौदाच्या आतलं मूल कामाला लावणं गुन्हा आहे. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करायला कायद्यात मोकळीक आहे, पण पहाटेपासून मोळ्या वाहणं त्यात बसवता येईल असं आम्हाला वाटत नाही. तरी पहिलं पाऊल तक्रारीचं टाकत नाही. तक्रार झाली की मुकादम त्या कुटुंबाला टोळीतून काढतो आणि उचल डोक्यावर तशीच. आधी मुकादमाशी बोलतो. तोही बहुतेक आमच्याच तालुक्यातला असतो, त्याचीही पोरं गावच्या शाळेत असतात. मूल विकलं गेलंय, डांबलंय किंवा मारहाण होतेय असं दिसलं तर मात्र थांबत नाही, थेट १०९८ आणि पोलिस.

१५. आठवीनंतर काय?

इथे गळती जोरात होते. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो आणि नववीची शाळा दुसऱ्या गावी असते. आठवीतच एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. सरकारी किंवा अनुदानित शाळेतलं मूल, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, आणि निवड झाली तर बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. आमच्या ताया ऑगस्टपासून तयारी घेतात. उत्पन्नाचा दाखला गाड्या हलायच्या आधीच काढा, कारण नंतर सही करायला बाप सापडत नाही.

दहावीची परीक्षा नेमकी हंगामात येते. त्या तीन आठवड्यांत ताईच्या घरी मुलींचा मुक्काम असतो.

१६. वीटभट्टीवरच्या मुलांना घेता का?

आमच्या चार गावांतली असतील तर हो. बाहेरची असतील तर प्रश्न ४ मधलं सगळं त्यांनाही लागू आहे, तेवढं छापून गुरुजींना दाखवा.

१७. आम्ही एका गावाचा हंगाम उचलला आणि मुलं मध्येच फडावर निघून गेली, तर आमचे पैसे परत मिळतात का?

नाही. संक्रांतीच्या सुमारास दरवर्षी काही जातातच. आई सुगड पुजायला गावी येते, परत निघताना पोरगं पदर सोडत नाही आणि ती त्याला घेऊन जाते. ताईनं त्या वेळी आडवं पडावं असं आम्ही सांगितलेलं नाही. त्याचं ताट तसंच ठेवलेलं असतं, फोन चालू असतो, आणि आई फेब्रुवारीत परत आणून सोडते तेव्हा कुणी तिला बोलत नाही. खर्च त्या ताटाचा धरा.